आतल्या शिवणीचा दोरा

दोन वर्षं मी ह्यांच्या चष्म्यातून जग बघत होते आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

हे म्हणजे माझा नवरा. ते गेले आणि महिन्याभरात मी माझ्याच चष्म्यावर बसले. काचेचे तुकडे गोळा करायला म्हणून ह्यांचा चष्मा नाकावर चढवला. तुकडे सापडले, केराच्या टोपलीत गेले, चष्मा उतरवायचा मात्र राहून गेला. ह्यांना डाव्या कुशीवर पेपर वाचता वाचता झोपायची सवय, त्यामुळे चष्म्याची डावी काडी वाकलेली. माझ्या नाकावर तो तिरका बसायचा, म्हणून मी मान जरा उजवीकडे कलती ठेवायचे. लोक म्हणायचे, बिचारी दुःखाने वाकली. दुःख होतंच, ते मी नाकारत नाही. पण मान चष्म्यामुळे वाकडी होती.

माझा धंदा रफूचा. कोट इस्त्रीने जळला, शालीला उंदराने भोक पाडलं, पँट खिळ्याला अडकून फाटली, असलं सगळं माझ्याकडे येतं. गेलेला एकेक धागा सुईने परत विणायचा. आणि दोरा शक्यतो बाजारातला घ्यायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायचे. प्रत्येक कपडा आपापल्या परीने विटतो, दुसरा दोरा त्याला मिळून येत नाही. रफूची जागा गिऱ्हाइकाला सापडली तर ती रफू नव्हे, ठिगळ. लेक दहा वर्षांची असताना हे सगळं मी तिला शिकवलं. तिने नीट शिकून घेतलं आणि बँकेत नोकरीला लागली.

तर एका गृहस्थांचा गडद निळा कोट आला. त्याच्या शिवणीत धागा उरला नव्हता म्हणून मी रिळातला घेतला. काम झालं, इस्त्री केली, घडी घातली, आणि गृहस्थांनी कोट दारातल्या उन्हात धरला. निळ्या कोटावर नाण्याएवढा काळा डाग. काळ्या दोऱ्याने रफू केली होती मी! ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, मला चांगलं येतं. पण ते नुसते म्हणाले, "असू दे ताई, वय झालं की होतं असं." त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

ही गोष्ट पोटात ठेवायची ठरवली होती. पण माझ्या जिभेला हाड नाही, त्याच संध्याकाळी फोनवर लेकीला सांगून बसले.

"आई, पुरे आता," ती म्हणाली. "आहेत ते डोळेही घालवशील. दुकान सोड आणि माझ्याकडे ये."

"तुझ्याकडे येऊन काय करू?"

"काही करू नकोस. आराम कर."

"तो कसा करतात?"

"आई, थट्टा पुरे. दोन आठवडे देते. डोळ्यांचं काहीतरी कर. नाही जमलं तर रविवारी सकाळी मी टेम्पो घेऊन येते. टेबल, मशीन, तू, सगळं एकदमच उचलू."

लेक बोलते ते करते, ह्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. आणि तिचं चुकत कुठे होतं? जिला काळं-निळं कळत नाही, तिने रफूचं दुकान कशाला उघडायचं? पण तिच्या घरी गेले तर मी खिडकीशी बसणार आणि दिवसातून चारदा "आई, काही हवंय का" ऐकणार. मला काही नको होतं. मला माझं टेबल हवं होतं, माझी सुई हवी होती, आणि "कुठे होतं हो भोक?" असं विचारणारं गिऱ्हाईक हवं होतं.

माझ्या दुकानापासून चौथं दुकान चष्मेवाल्यांचं. इतकी वर्षं शेजार, पण ओळख मान डोलावण्याइतकीच. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून आले होते. हे गेले तेव्हा ते येऊन दोन वाक्यं बोलून गेले. फिट्टंफाट. सगळा बाजार मला ताई म्हणतो, चष्मेवाले एकटे बाई म्हणतात. बाकी उंच, कमी बोलणारे, आणि कोटाच्या डाव्या कोपराला भोक. मी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी कोपर बघते.

सोमवारी सकाळी मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्या नाकावरून चष्मा उतरवला, हातात फिरवला आणि म्हणाले, "हा तुमचा नाही."

"मग काय चोरलाय?"

"मीच केलाय हा. साहेबांचा." त्यांनी वाकडी काडी अंगठ्याने चाचपली. "दर महिन्याला यायचे काडी सरळ करून घ्यायला. मी सरळ करायचो, ते महिन्याभरात परत वाकवून आणायचे. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत तासभर बसायचे."

मला वाटायचं हे फिरायला जातात. छत्तीस वर्षं संसार केला आणि नवरा तासभर कुठे बसतो ते मला माहीत नव्हतं.

"काय बोलायचे?" मी विचारलं.

"बरंच काय काय." ते जरा अडखळले. "तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, आमच्या घरी नाकाच्या शेंड्यावर राग असतो, पण माणूस सोन्यासारखं आहे."

मग त्यांनी एकेक काच घालून तपासायला सुरुवात केली. "हे बरं दिसतंय, की हे?" शाळा सुटल्यापासून मला इतकी भीती वाटली नव्हती. दोन्ही सारखंच म्हटलं तर नापास होईन असं वाटत होतं. ते मात्र परत परत तितक्याच शांतपणे विचारत होते, "हे, की हे?"

शेवटी त्यांनी छोटी पट्टी माझ्या नाकावर आडवी धरली. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं असतं, त्यासाठी वीतभर समोर बसावं लागतं. "माझ्या डोळ्यांकडे बघा," ते म्हणाले. मी बघितलं. दोन वर्षांत इतक्या जवळून माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. लेकसुद्धा बघते ती फोनमधून. काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

"हलू नका."

"हलत नाहीये," मी म्हटलं, "गळतेय."

त्यांनी पट्टी खाली घेतली. काचा पुसायचा स्वच्छ रुमाल पुढे केला आणि मी कोरडी होईपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसले. टोक बऱ्यापैकी लांब झालं. मग पुन्हा पट्टी धरली आणि माझ्या कार्डावर अंतराचा आकडा लिहिला, एकसष्ट.

शनिवारी चष्मा मिळाला. बारीक फ्रेम, मला शोभत होती, उगाच कशाला खोटं बोलू. अक्षर लख्ख दिसत होतं. पण सुई हातात घेतली की दहा मिनिटांत डोकं गरगरायचं. एका धाग्याचे दोन दिसायचे आणि सुई नेमकी नसलेल्यातून जायची. नवा चष्मा आहे, सवय होईल, असं म्हणत मी पाच दिवस काढले. गुरुवारी सुई चांगली बोटात घुसली. मग माझ्या नाकाच्या शेंड्यावर जे असतं ते खाली उतरलं.

"चष्मेवाले, आधी स्वतःचे डोळे तपासा!" मी चष्मा त्यांच्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. दुकानात एक जोडपं होतं, ते नंतर येतो म्हणून निघून गेलं.

त्यांनी चष्मा यंत्राखाली धरला, दोन्ही काचांवर शाईचा एकेक ठिपका दिला, ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं. परत मोजलं. मग खाली बसले.

"सत्तावन्न," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमचं एकसष्ट आहे. ह्या काचा सत्तावन्नवर बसवल्यात. कोणाचंही डोकं फिरेल."

"कार्डावर काय लिहिलंय?"

"एकसष्टच."

"मग हे सत्तावन्न कुठून आणलंत?"

त्यांनी काचांवरचे शाईचे ठिपके रुमालाने पुसले. मग म्हणाले, "हिचं माप आहे. माझ्या बायकोचं. ती सारखी चष्मा हरवायची. वीसेक तरी केले असतील तिच्यासाठी."

राग माझ्याजवळ होताच, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी दुखलं. "म्हणजे पाच दिवस मी दुसऱ्या बाईच्या मापाने बघत होते?"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. माझं मुसळ तर दोन वर्षं नाकावर बसलं होतं. त्यांना ते बोलून दाखवता आलं असतं. त्यांच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. त्यांनी नुसती मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं माझं."

माझा आवाज आपोआप खाली आला. "चार वर्षांत असं किती वेळा झालं?"

"एकदाही नाही."

"मग माझाच का चुकला?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "सगळ्यांचे चष्मे मी कार्ड बघून करतो," ते म्हणाले. "तिचा तेवढा कधी कार्ड बघून केला नाही. आणि तुमचा करताना… कार्ड समोर होतं, पण बघितलंच नाही. हा तुम्हाला कसा दिसेल, तुम्ही काय म्हणाल, तेच डोक्यात होतं. हात आपला जुन्या वाटेने गेला."

माझा हात आपोआप केस सारखे करायला गेला. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या हाताने असं काही करू नये, पण हाताला वय कोण सांगणार? काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मला एकच सुचलं.

"रविवारी माझा टेम्पो येतोय."

मग मी सगळं सांगितलं. काळा डाग, लेक, दोन आठवडे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उद्या करून देतो," ते म्हणाले. "ह्या वेळी कार्ड भिंतीवर चिकटवतो."

"कार्ड नको, मीच समोर बसते. चुकलात तर तिथल्या तिथे सांगेन."

शुक्रवारी दुपारी मी दुकान बंद करून त्यांच्या मागच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसले. खोली जेमतेम दोन माणसांची. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि काच फिरत्या दगडावर धरली. पाण्याची बारीक धार, काचेचा घासल्याचा आवाज, दर दोन मिनिटांनी थांबून पट्टी. दोनदा ते उठून माझ्यासमोर येऊन बसले आणि पुन्हा मोजलं. दुसऱ्या वेळी मोजायची गरज नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

चष्मा तयार झाला. मी घातला आणि सगळ्यात आधी खुंटीकडे बघितलं.

"तुमचा कोट निळा आहे," मी म्हटलं.

"आहे की."

"काळा नाही!"

"नाही," ते म्हणाले. मी का हसतेय ते त्यांना कळलं नसावं, पण तेही हसले.

मी पर्समधून ह्यांचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाकड्या काडीवरून बोट फिरवलं. "सरळ करू?"

"नको."

"मीही तेच म्हणणार होतो."

निघताना मी खुंटीवरचा कोट उचलला. ते नको नको म्हणत होते, चार वर्षं झाली त्या भोकाला, आता सवय झाली. "दिसतंय ते," म्हटलं आणि कोट घेऊन आले. परीक्षा द्यायचीच तर ह्याच कोटावर देईन, असं मनाशी ठरवलं होतं.

शनिवारी दुकानावरच्या माझ्या खोलीत कामाला बसले. कोटाच्या आतली शिवण उलटली, तर तिथले धागे कधीच संपलेले. त्यांच्या बायकोनेच असणार, केव्हातरी त्यातून खिसा रफू केला होता. हात सराईत नव्हता, पण केलं होतं मन लावून. त्या कामाला मी हात लावला नाही. रिळं काढली, निळ्या रंगाची अकरा होती. खिडकीत एकेक कोपराला लावून पाहिलं, एकही मिळेना. नव्या डोळ्यांची हीच पंचाईत, पूर्वी यातलं कुठलंही चाललं असतं.

कपाटात ह्यांचा कोट होता. बाकीचे कपडे लेकीने वाटून टाकले, एवढा मी ठेवून घेतला होता. तोही निळा, तेवढाच जुना. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी उन्हात धरल्या. एकाच दोरीवर वाळत आल्यासारखे सारखे विटले होते.

कात्री हातात घेऊन मी बराच वेळ बसले. ह्यांना विचारलंसुद्धा, चालेल का हो? उत्तर येणार नव्हतंच. पण जो माणूस दर महिन्याला काडी वाकवून त्या दुकानात जाऊन बसायचा, तो नाही म्हणाला असता असं मला वाटेना. आणि खरं सांगायचं तर मला तो दुसरा माणूस हवासा वाटत होता. ह्यांच्यावरची माया तिळभरही कमी झाली नव्हती, तरी हवासा वाटत होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी ह्यांच्या कोटाची आतली शिवण उसवली आणि धागे काढून घेतले.

रविवारी लेक बरोबर नऊला आली. खाली टेम्पो उभा.

"चल आई, चहा नंतर. टेम्पोवाला थांबलाय."

मी चष्मेवाल्यांचा कोट तिच्या हातात दिला. "भोक शोध."

तिने माझ्याकडे बघितलं, पर्स खाली ठेवली आणि कोट घेऊन खिडकीशी गेली. माझीच शिष्या, तिला सगळ्या खाचाखोचा माहीत. उजेडात तिरका धरला, नखाने चाचपला, उलटा करून तळव्यावरून फिरवला. खाली हॉर्न वाजला. "थांब रे," ती स्वतःशीच म्हणाली. दहा मिनिटं झाली.

"खिसा," शेवटी ती म्हणाली.

"तो माझा नाही. तुझी आई असलं काम करते का?"

"मग नाही सापडत." तिने सुस्कारा सोडला आणि हसली. मी मनातल्या मनात टेम्पो परत पाठवला. पण लेक शेवटी माझी आहे. तिने कोटाची आतली शिवण उलटली आणि तिचं हसू थांबलं.

"आई, ह्यात तर धागाच नाही. मग दोरा कुठून काढलास?"

तिने टेबलावरची रिळं पाहिली. मग खुर्चीच्या पाठीवरचा कोट पाहिला, तिच्या बाबांचा. तो उचलून तिने आतली बाजू वर केली. उसवलेली शिवण ताजी होती. मला आता टेम्पोची भीती नव्हती, ह्या घडीची होती. हिने तोंड फिरवलं असतं तर मी दुकान, चष्मा, सगळं टाकून तिच्यामागे गेले असते.

"हा दुसरा कोट कोणाचा?" तिने विचारलं.

"चष्मेवाल्यांचा."

ती खुर्चीत बसली. बाबांचा कोट मांडीवर घेऊन त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

"बाबा असते तर काय म्हणाले असते, माहितेय?"

"काय?"

"किती धागे काढलेस?"

"सोळा."

"म्हणाले असते, सोळाच? चिकट बाई आहे!"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तीही. खाली पुन्हा हॉर्न वाजला. ती नाक ओढत खिडकीत गेली आणि ओरडली, "दादा, जा तुम्ही. सामान नाही काही!" मग वळून माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"आई," ती म्हणाली, "तुझी मान सरळ झाली."

सोमवारी सकाळी मी केस नीट विंचरून कोट द्यायला गेले. चष्मेवाल्यांनी तो अंगात घातला, हात दुमडून कोपर पाहिलं, मग दुसरं कोपर पाहिलं, कारण भोक कुठल्या हाताला होतं तेच त्यांना आठवेना. ह्यापेक्षा मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

"धागा ह्यांच्या कोटातला आहे," मी म्हटलं. लपवून ठेवायचं नव्हतं. "तुमच्या कोटात उरला नव्हता. आणि खिशाचं काम होतं तसंच ठेवलंय, तिचं. चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

ते तळहात कोपरावर ठेवून तसेच उभे राहिले. मग खिडकीजवळ गेले, तिथल्या खुर्चीवरचे चष्म्यांचे डबे उचलून टेबलावर ठेवले आणि रुमालाने खुर्ची पुसली.

"साहेबांची जागा आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं इथे कोणाला बसू दिलं नाही. तुम्ही बसता?"

मी बसले. चांगली दोन तास बसले. माझ्या दुकानाला कुलूप होतं, गिऱ्हाईक येऊन परत गेलं असेल तर गेलं असेल.